काठीवाल्या मुलीची धून

माझ्याकडे एक जुनी कॅसेट आहे. टीडीकेची, नव्वद मिनिटांची. ऑफिसातल्या एकाचा भाऊ आखातात होता, त्याने आणलेल्या कॅसेटवरून १९९१ साली भरून घेतलेली. कव्हरच्या कागदावर मी निळ्या पेनने लिहिलं होतं: 'जॉन विल्यम्स, गिटार'. पहिल्या बाजूचा चौथा तुकडा सुरू झाला की हातातलं काम आपोआप थांबायचं. तीन-सव्वातीन मिनिटांची धून. शब्द नाहीत, ठेका नाही. एक गिटार आणि तिच्या मागे, जरा लांबून, व्हायोलिनांचा पातळ थर.

तिचं नाव कॅव्हाटिना, हे कळायला वर्ष गेलं. आणि हा जॉन विल्यम्स कोण, याबद्दल तर मी कितीतरी वर्षं चुकीच्या समजुतीत होतो. 'स्टार वॉर्स'चं संगीत देणारा जो अमेरिकन जॉन विल्यम्स, तोच फावल्या वेळात गिटार वाजवतो असं मी लोकांना छातीठोकपणे सांगत असे. एवढं मोठं वाद्यवृंदाचं काम करून वर बोटं इतकी मऊ ठेवणारा माणूस म्हणून मनातल्या मनात त्याला दोनदा नमस्कारही करत असे. प्रत्यक्षात ही दोन माणसं. गिटारवाला जॉन विल्यम्स १९४१ साली मेलबर्नला जन्मला. वडील लेन विल्यम्स स्वतः गिटार शिकवायचे. पुढे कुटुंब लंडनला आलं आणि वडिलांनी तिथे स्पॅनिश गिटारचं विद्यालय काढलं. पोराला पोरवयातच आंद्रेस सेगोव्हिया या थोर स्पॅनिश गिटारवादकासमोर बसायला मिळालं, इटलीतल्या सिएनाला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये तो दाखल झाला तेव्हा तिथे गिटारचा विभागच नव्हता, म्हणून तो पियानो शिकला. सेगोव्हियाचा पट्टशिष्य म्हणावा असा हा माणूस, पण सोवळं न पाळणारा. बाख वाजवणार आणि रॉनी स्कॉटच्या जॅझ क्लबातही वाजवणार. कॅव्हाटिनाच्या जन्मात या न पाळलेल्या सोवळ्याचा वाटा मोठा आहे.

मी गिटार शिकायला लागलो ते या कॅसेटमुळेच. गिरगावात खोताच्या वाडीच्या बाजूला एक सर होते. मूळचे गोव्याचे, तरुणपणी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवलेले. दर शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायचो. दुसऱ्या महिन्यातच मी कॅसेट काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती लावली, शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "हे तुला पाच वर्षांनी देणार मी. आत्ता दिलं तर तुझी बोटं पण जाणार आणि ह्या पीसची वाट पण लागणार, मॅन."

मला तेव्हा हे पटलं नव्हतं. ऐकताना ती धून इतकी सोपी वाटते. एखादी बाई झोपाळ्यावर बसून गुणगुणते आहे इतकी सोपी.

घरी आईला ऐकवली. आई पेटी वाजवायची. आमच्या चाळीतल्या निम्म्या मुलींची बोटं तिने पेटीवर बसवली होती. ती म्हणाली, "गोड आहे. पण तुझ्या ह्या वाद्याला दम नाही रे. सूर लागतो न लागतो तोच मरतो." पेटीला भाता आहे. भाता हलता ठेवला की सूर हवा तितका थांबतो. सारंगीचा गज, बासरीची फुंक, गवयाचा श्वास, सगळ्यांना सूर धरून ठेवता येतो. गिटारची तार एकदा छेडली की त्याच क्षणापासून सूर विरायला लागतो. मग तिच्यावर लांबलचक आळवणारी चाल वाजवायची कशी?

आईने सहज केलेली ही टीका माझ्या डोक्यातून गेली नाही. या धुनेचं सगळं गुपित त्यातच आहे असं मला आता वाटतं.

धून बांधली स्टॅन्ली मायर्सने. १९३० साली बर्मिंगहॅमला जन्मलेला इंग्रज संगीतकार. सिनेमा आणि टीव्हीसाठी भरपूर काम केलेला, पण रस्त्यात कुणी ओळखणार नाही असा. त्याने ही चाल आधी पियानोवर केली होती. विल्यम्सने ती ऐकली आणि म्हणाला, ही गिटारसाठी कर आणि जरा वाढव. मायर्सने ती नव्याने लिहिली, मोठी केली. या नव्या रूपात ती पहिल्यांदा पडद्यावर आली १९७० साली, 'द वॉकिंग स्टिक' नावाच्या चित्रपटात. विन्स्टन ग्रॅहम यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. नायिका डेबोरा लहानपणी पोलिओ झाल्यामुळे काठी घेऊन चालते. लंडनमध्ये नोकरी करते, एकटी, जपून राहणारी. तिच्या आयुष्यात एक चित्रकार येतो. तिचा त्याच्यावर जीव जडतो, आणि मग हळूहळू उलगडतं की त्याच्या मनात चोरीचा बेत आहे आणि त्यासाठी त्याला तिचा उपयोग करून घ्यायचा आहे. सॅमॅन्था एगर आणि डेव्हिड हेमिंग्ज यांनी या भूमिका केल्या. चित्रपट आला आणि गेला. आज त्याचं नाव निघतं ते बहुतेक या धुनेच्या निमित्तानेच.

म्हणजे जगाने पुढे जिला युद्धाची धून म्हणून ओळखलं, ती मुळात एका लंगडणाऱ्या मुलीची आहे. प्रेमात पडलेली आणि फसवली गेलेली मुलगी. हे कळल्यावर मी कॅसेट पुन्हा लावली आणि मला पहिल्यांदाच त्यातली चाल दिसली, पायांची चाल. तीन-चारची लय आहे. एका आवर्तनात सहा बारीक स्वर एकापाठोपाठ, खालून वर आणि वरून खाली. त्यांच्यावर मुख्य सूर उशिरा, तोलून ठेवलेला. (दादऱ्याच्याही मात्रा सहाच, पण सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, दादरा मनात आणायचा नाही, आणलास तर झुलायला लागेल. झुलायचं नाहीये, चालायचंय.)

विल्यम्सने १९७१ साली आपल्या 'चेंजेस' या रेकॉर्डवर ती वाजवली. या रेकॉर्डमागेही मायर्सच होता. त्यात बाख आहे आणि त्या काळची पॉप गाणीही. नाकं मुरडणाऱ्यांसाठी भरपूर सामान. म्हणजे १९७१ पासून ही धून बाजारात होती. ज्यांनी घेतली त्यांनी घेतली. क्लिओ लेन या मोठ्या जॅझ गायिकेने तिच्यावर शब्दही लिहिले, 'ही वॉज ब्युटिफुल', आणि विल्यम्सच्या साथीने ते गायली. तरीही जग काही थांबलं नाही.

एवढ्यात 'कॅव्हाटिना' या शब्दाविषयी. इटालियन 'कावारे' म्हणजे काढणे, उपसणे. त्यावरून 'कावाता', आणि त्याचं लाडकं, छोटं रूप 'कावातीना'. ऑपेरात लहान, साध्या, आळवायच्या गाण्याला हा शब्द लावतात. मला गंमत वाटली ती याची की आपणही सूर 'काढतो'च. गाणारा सूर लावतो, पण वाद्यातून सूर काढावा लागतो. आत असतोच तो, विहिरीतल्या पाण्यासारखा. या नावाची सगळ्यांत थोर रचना बेथोव्हनची, त्याच्या तंतुवाद्यांच्या एका उत्तरकालीन चौकडीतली. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यातली सगळ्यांत शेवटची रचना हीच. तिच्या आधी आहे ब्लाइंड विली जॉन्सनची गिटार आणि ते शब्द नसलेलं गुणगुणणं. आणि त्याच्याही आधी आपल्या केसरबाई केरकर, भैरवीत, 'जात कहाँ हो'. गोव्यातल्या केरी गावच्या बाई, मग एका आंधळ्या माणसाची गिटार, मग कावातीना, असा क्रम. केसरबाई त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गेल्या. याचा मायर्सशी काही संबंध नाही. पण हा क्रम मला ठाऊक झाल्यापासून कॅसेट संपली की कानात भैरवी सुरू होते, त्याला मी काय करू.

मग १९७८ साली मायकेल चिमिनोचा 'द डिअर हंटर' आला. तीन तासांचा चित्रपट. पेनसिल्व्हेनियातल्या क्लेअरटन या पोलादाच्या गावातले कामगार, रशियन वंशाचे. भट्टीवरून सुटून बारमध्ये जाणारे, लग्नात नाचणारे, डोंगरात हरणाच्या शिकारीला जाणारे मित्र. त्यातले तिघे व्हिएतनामला जातात. रॉबर्ट डी निरो, क्रिस्टोफर वॉकन, जॉन सॅव्हेज, मेरिल स्ट्रीप, आणि चित्रपट लागण्याआधीच कर्करोगाने गेलेला जॉन कझाल.

मी तो पाहिला व्हिडिओ कॅसेटवर, वांद्र्याला एका मित्राकडे, आणि सुरुवातीच्या नावांवर माझी धून ऐकून अक्षरशः ओरडलो. चिमिनोने धून कुठे वापरली आणि कुठे वापरली नाही, हे पाहण्यासारखं आहे. डोंगरातल्या शिकारीला त्याने चर्चमधल्या समूहगानाचा भव्य आवाज लावला. युद्धावर जाण्याच्या आदल्या रात्री बारमध्ये त्यांच्यातला एक जण पियानोवर शोपँचं नॉक्टर्न वाजवतो. मघाशी दंगा करणारे सगळे गप्प होतात, कुणी कुणाकडे बघत नाही, आणि तिथून एका झटक्यात आपण व्हिएतनामच्या आगीत. ज्या गोष्टी शब्दांत बोलता येत नाहीत अशा लोकांचा हा चित्रपट आहे. शेवटी ते टेबलाभोवती बसून, चाचरत, एक देशगीत म्हणतात, गेलेल्या मित्राच्या नावाने ग्लास उंचावतात, आणि मग ही गिटार.

काम झालं. त्यानंतर ही धून काठीवाल्या मुलीची राहिली नाही.

ती त्या पोरांची झाली यात अन्याय झाला असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट मला तेव्हाही खुपली, आता जास्त खुपते. चित्रपटात व्हिएतनामी माणसं आहेत ती बहुतेक ओरडणारी, कैद्यांना रिव्हॉल्व्हर डोक्याला लावायला लावणारी. रशियन रूलेटचा, म्हणजे रिव्हॉल्व्हरमध्ये एकच गोळी ठेवून स्वतःवर चाप ओढायचा, तो जो खेळ दाखवला आहे, त्या युद्धात असं घडल्याचा पुरावा नाही, असं तिथे वार्तांकन केलेल्या पीटर आर्नेटनेच म्हटलं होतं. १९७९ च्या बर्लिन महोत्सवात सोव्हिएत आणि इतर समाजवादी देशांची शिष्टमंडळं निषेध करून निघून गेली होती. त्यांचं राजकारण त्यांच्यापाशी. मला जे जाणवलं ते एवढंच, की गिटार वाजते ती क्लेअरटनसाठी. व्हिएतनामातल्या नदीकाठच्या माणसांच्या वाट्याला तिचा एकही सूर येत नाही. इतकी हळवी धून, पण कुणासाठी हळवं व्हायचं हे तीच ठरवून टाकते, आणि आपण डोळे पुसत बाहेर येतो.

एप्रिल १९७९ मध्ये चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाले: सर्वोत्तम चित्रपट, दिग्दर्शन, वॉकनला साहाय्यक अभिनेत्याचं, संकलन आणि ध्वनी. संगीताचं नामांकनसुद्धा नाही. धून मुळात या चित्रपटासाठी रचलेलीच नव्हती. 'मूळ संगीता'च्या रांगेत ती बसणार कशी? आणि त्या रांगेत त्या वर्षी कोण होता? जॉन विल्यम्स. तो दुसरा, 'सुपरमॅन'साठी. हे वाचलं तेव्हा माझी जुनी चूक मला जरा माफ झाल्यासारखी वाटली.

त्याच वर्षी इंग्लंडात मात्र धुनेने धुमाकूळ घातला. विक्रीच्या यादीत विल्यम्सची जुनीच रेकॉर्ड तेराव्या क्रमांकापर्यंत गेली. द शॅडोज या बँडने इलेक्ट्रिक गिटारवर केलेली नवव्या क्रमांकापर्यंत. आणि वेल्सच्या आयरिस विल्यम्स या गायिकेचं 'ही वॉज ब्युटिफुल' अठराव्यापर्यंत. (पुन्हा विल्यम्स! या धुनेला या आडनावाचं काय वेड आहे कोण जाणे.) एकच धून, एकाच वर्षात तीन वेळा पहिल्या विसात. नऊ वर्षांपूर्वी हीच धून पडद्यावर वाजून विरून गेली होती.

शॅडोजची मी पुढे मुद्दाम मिळवून ऐकली. हँक मार्विन हा मोठा वादक, त्याच्या गिटारीची गोलाई लाखांत ओळखू येते. पण इथे मला ती लागली नाही, आणि का लागली नाही हे कळायला आईचं ते वाक्य कामी आलं. इलेक्ट्रिक गिटारवर सूर थांबतो. वर प्रतिध्वनीचं यंत्र, त्यामुळे तो आणखी रेंगाळतो. चाल अखंड वाहते, पेटीसारखी, सुबक. विल्यम्सच्या नायलॉनच्या तारांवर तसं होत नाही. मुख्य सूर छेडला की तो मरायला लागतो. खालचे बारीक स्वर धावत येतात आणि ते मरणं झाकतात. आणि पुढचा मुख्य सूर येईपर्यंत मधली रेघ आपला कान ओढतो. जी लांबलचक चाल आपण ऐकली असं आपल्याला वाटतं, ती निम्मी वाजवलीच गेलेली नसते. तिथे शब्द घातले, की तो देखणा होता वगैरे, तर कानाला करायला काही उरतच नाही. क्लिओ लेनच्या आवाजाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. शब्दांबद्दल आहे.

आपल्याकडे पडद्यावरची सुरावट इतकी सुटून बाहेर आलेली मला चटकन आठवत नाही. 'शोले'मधली माउथ ऑर्गनची सुरावट घ्या. कुठेही वाजली की तो वाडा, ते कंदील विझवणारी पांढऱ्या साडीतली बाई आणि पायरीवर बसलेला जय. पन्नास वर्षं झाली, ती सुरावट त्या पायरीवरून उठलेली नाही.

सरांनी मला कॅव्हाटिना दिली ती सहाव्या वर्षी. तोवर माझं लग्न झालं होतं आणि शनिवार महिन्यातून दोनच उरले होते. ई मेजरमध्ये आहे. म्हणजे गिटारची सगळ्यांत जाड तार उघडी छेडली की धुनेचा षड्ज आयता मिळतो, खर्जाची तार लावून ठेवल्यासारखा. हे एवढंच सोपं. पुढे डाव्या हाताची कसोटी. पहिलं बोट आडवं पडून पाच-सहा तारा दाबून धरणार, करंगळी सर्वांत बारीक तारेवर मुख्य सूर धरून ठेवणार, आणि मधल्या दोन बोटांनी खालचे स्वर बदलत राहायचं. मुख्य सूर संपेपर्यंत करंगळी उचलायची नाही. उचलली की चाल तुटते. पियानोवर जन्मलेली धून आहे ना, तिथे दोन हातांनी केलेलं काम इथे चार बोटांनी करायचं, असा माझा आपला तर्क. हात भरून येतो. तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, एक गाठ धरते. आणि वरून ऐकू काय यायला हवं? झोपाळ्यावर गुणगुणणारी बाई.

"धर," सर म्हणायचे. "बाकी सगळं हलू दे. तो धर."

सर गेले त्याला आता बारा वर्षं झाली. मायर्स तर १९९३ सालीच गेला, विशीतल्या हॅन्स झिमर नावाच्या जर्मन पोराला हाताशी धरून, लंडनमध्ये त्याच्याबरोबर स्टुडिओ काढून, चित्रपटाचं संगीत कसं करायचं ते शिकवून. झिमर आज जगातली मोठमोठी थिएटरं हलवतो. १९८७ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात मायर्सला दुसऱ्या एका चित्रपटासाठी सन्मान मिळाला होता. तरी त्याच्या नावापुढे बहुतेक ठिकाणी ही तीन मिनिटंच लिहिलेली असतात.

मागच्या पावसाळ्यात आई मोरीत घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं. आता ती चार पायांची काठी घेऊन खोलीतून खोलीत जाते. संध्याकाळी मी ऑफिसमधून आलो की तिला चालवायचं आणि मग थोडं वाजवायचं, असा आमचा क्रम आहे. ऐकायला ती एकटीच असल्यामुळे मी कॅव्हाटिना पुन्हा काढली. बोटं जड झाली आहेत, वेग तर नाहीच, पण या धुनेला वेग लागत नाही हे एक बरं.

परवा तिने विचारलं, "हे तू ते लढाईच्या सिनेमातलं म्हणतोस ना, तेच का?"

मी म्हटलं, "त्यातलंही. पण मूळचं दुसऱ्याच सिनेमातलं आहे. एका मुलीच्या गोष्टीतलं. काठी घेऊन चालणाऱ्या."

तिने काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मग लढाईचं कशाला सांगत होतास इतकी वर्षं?"

"मला माहीत नव्हतं."

"बरं. वाजव."

मी सुरुवात केली. आठव्या-नवव्या आवर्तनाला, जिथे पंजा वर सरकवावा लागतो, तिथे नेहमीप्रमाणे करंगळी सैल पडली आणि तार खरखरली. आईने डोळे उघडले नाहीत.

"इथे सोडलास," ती म्हणाली. "मागून घे."